गोळी सुटल्याचा त्रास की आजार परतला?

सिंधुदुर्गातल्या एका बाजारपेठेत माझं औषधांचं दुकान आहे. नैराश्याच्या गोळ्या कुणाकुणाकडे जातात हे गावात कुणी कुणाला सांगत नाही, पण चिठ्ठी शेवटी आमच्याच काउंटरवर येते. आणि तिथे एक वाक्य इतक्यांदा कानावर पडलंय की आता ते सुरू झालं की मीच पुढचं पुरं करतो: "गोळी बंद केली, आणि चार दिवसांत आजार परत आला."

चार दिवसांत आजार सहसा परत येत नाही. चार दिवसांत जे येतं ते बहुतेक वेळा गोळी सुटल्याचं असतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि एकीला दुसरीच्या नावाने हाक मारल्याने माणसं एक तर घाबरून जन्मभर गोळी धरून बसतात, नाही तर खरा आजार उंबरठ्यावर आलेला असताना "होईल कमी" म्हणत बसतात.

नैराश्य म्हणजे काय हे मी सांगत बसत नाही. ज्याने ते काढलंय त्याला माहीत आहे: कशात मन लागत नाही, पहाटे तीनला डोळे उघडतात, आपण घरच्यांना ओझं झालोय असं वाटतं, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. गोळी सुटल्याचा त्रास मात्र फार कमी लोकांना आधी कुणी समजावून सांगितलेला असतो. तो असा. बहुतेक गोळ्या मेंदूत सिरोटोनिन (पेशींमधला निरोप्या म्हणावं असं रसायन) परत शोषून घ्यायची वाट अडवतात. महिनोन्‌महिने ती वाट अडलेली राहिली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. मग एके दिवशी गोळी बंद. मेंदूला पुन्हा उलटी जुळवाजुळव करायला वेळ लागतो, आणि तेवढ्या काळात शरीर कुरकुरतं: चक्कर, मळमळ, ताप न येता तापासारखी कणकण, घाम, मुंग्या, रात्रभर चित्रविचित्र स्वप्नं, विनाकारण चिडचिड. आणि डोक्यात करंट.

या करंटवर थांबतो, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. मागे एक गृहस्थ रिकामी स्ट्रिप घेऊन आले. चेहरा उतरलेला.

"माका परत ताच सुरू झाला हा. आता काय जल्मभर गोळयो?"

मी विचारलं, "डोक्यात करंट मारता काय?"

"होय तर! डोळे बाजूक फिरवले काय झर्र करून जाता. तुमका कसा कळला?"

"गोळी कधीपासून बंद?"

"आयतवारपासून."

त्या दिवशी गुरुवार होता. नैराश्यात करंट मारत नाही. नजर डावीकडून उजवीकडे नेताना कवटीच्या आत क्षणभर झिणझिणून जाणं, कधी त्याबरोबर कानात सर्र आवाज, हे जवळजवळ गोळी सुटल्याचंच लक्षण आहे. भीती वाटते, पण त्याने मेंदूला इजा होते असं दिसलेलं नाही. त्या गृहस्थांना मी डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टरांनी पूर्वीचा डोस परत सुरू केला, करंट दोनतीन दिवसांत गेला, आणि मग सावकाश उतरवायचा तक्ता आखून दिला.

करंट असेल तर सोपं. गोंधळ उडतो तो उरलेल्या लक्षणांवर, कारण झोप न लागणं, जीव घाबरणं, रडू येणं आणि मन उदास होणं ही चारही दोन्हीकडे सापडतात. इथे एकट्या लक्षणाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही, मला नाही आणि व्हॉट्सअॅपवरच्या मावशींनाही नाही. मी तीन गोष्टी विचारतो.

पहिली, कधी सुरू झालं. गोळी सुटल्याचा त्रास साधारणपणे काही दिवसांत डोकं वर काढतो. आजार परततो तो आठवड्यांनी, महिन्यांनी, आणि हळूहळू. पण इथे एक मेख आहे: गोळी कोणती? वेनलाफॅक्सिन रक्तातून सुमारे ५ तासांत निम्मं होतं, म्हणून एक डोस चुकला तरी संध्याकाळी जाणवतं. पॅरॉक्सेटिनला सुमारे २१ तास लागतात, एस्सिटॅलोप्रॅमला ३० च्या आसपास. फ्लुओक्सेटिनची गोष्टच निराळी. ते आणि शरीरात त्यापासून बनणारा पदार्थ आठवडे रेंगाळतात, त्यामुळे त्रास झालाच तर उशिरा होतो आणि बहुधा सौम्य. म्हणजे फ्लुओक्सेटिनवाल्याला तिसऱ्या आठवड्यात चक्कर आली तर "आता कसली गोळी, महिना होत आला" असं म्हणून चालत नाही.

दुसरी गोष्ट, सोबत काय आहे. उदासीबरोबर चक्कर, मळमळ, मुंग्या, करंट असा शरीराचा गोतावळा आला असेल तर बोट गोळीकडे. नुसतंच मन काळवंडत चाललंय, जेवण कमी झालंय, शेजारणीशी बोलणं नकोसं झालंय, आणि शरीराची अशी कोणतीच नवी तक्रार नाही, तर बोट आजाराकडे. शिवाय पहिल्या वेळी आजार कसा आला होता ते आठवा. ज्याचं नैराश्य तेव्हा सुस्ती आणि अपराधीपण घेऊन आलं होतं, त्याला आता एकदम चिडचिड आणि स्वप्नं सुरू झाली, तर तो जुना पाहुणा नव्हे. रडण्यातही फरक असतो. गोळी सुटलेली बाई सांगते, "टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी डोळ्यांत पाणी येतं, आणि दहा मिनिटांनी मी ठीक असते." नैराश्यातलं रडू असं येऊन जात नाही, ते मुक्काम करतं.

तिसरी गोष्ट, गोळी परत सुरू केली की काय होतं. सुटल्याचा त्रास असेल तर एकदोन दिवसांत, फार तर काही दिवसांत उतार पडतो. आजार परतला असेल तर गोळीला पहिल्या वेळी लागले तसेच आठवडे लागतात. ही खूण पक्की आहे, पण ती डॉक्टरांच्या हातातली. स्वतः चालू-बंद करून प्रयोग करायचा नाही. हेच वाक्य मी ओरडून सांगतो आणि हेच सगळ्यात कमी ऐकलं जातं.

त्रास किती दिवस चालतो? पूर्वी पुस्तकांत "सौम्य असतो, आठवडाभरात जातो" असं सरळ छापलेलं असायचं. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेने २०१९ मध्ये ते बदललं आणि मान्य केलं की काहींना तो तीव्र असतो आणि लांबतोही. आता दुसऱ्या टोकाला जाऊ नका, कारण नेटवर वाचून लोक गोळी सोडायच्या आधीच अंथरूण धरतात. २०२४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गोळी थांबवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला होता. पण खोटी, म्हणजे आत औषधच नसलेली गोळी थांबवलेल्यांतही १७ टक्क्यांना झाला होता. तीव्र त्रास साधारण पस्तिसांत एकाला. लहान आकडा नाही, पण सगळे आडवे पडतात असंही नाही.

आता उलटी चूक, कारण तीही होते आणि ती जास्त महागात पडते. गोळी सुटून दोनतीन महिने झाले, करंट-बिरंट केव्हाच गेला, मधले काही आठवडे माणूस चांगला होता, आणि आता पुन्हा पहाटे जाग येतेय, बाजारात जायचा कंटाळा येतोय. घरचे म्हणतात, "गोळीचं विष अजून उतरतंय." नाही हो. मधे बरं जाऊन मग हळूहळू घसरणं हा आजाराचा रस्ता आहे. ब्रिटनमध्ये बराच काळ गोळ्या घेत असलेल्या आणि बरं वाटत असलेल्या लोकांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांची गोळी टप्प्याटप्प्याने थांबवली त्यांच्यापैकी ५६ टक्क्यांचा आजार वर्षभरात परतला. ज्यांची चालू ठेवली त्यांच्यातही ३९ टक्क्यांचा परतला. म्हणजे गोळी थांबवणं हा जुगार नव्हे आणि पोरखेळही नव्हे. आणि मरणाचे विचार येत असतील तर हे की ते याचा हिशेब करतच बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, जवळच्या सरकारी रुग्णालयात जा, रात्र असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. तिथे फुकट आणि चोवीस तास बोलता येतं.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? "एक दिवस आड घ्या, आपोआप सुटेल." कोणी शोधून काढलं हे, देव जाणे. एस्सिटॅलोप्रॅम दिवसाआड घेतलं की दोन दिवसांच्या शेवटी रक्तात तिसऱ्या हिश्श्याएवढंच उरतं, मग गोळी पडली की एकदम वर. मेंदूला रोज नवी जुळवणूक. डोस कमी करायचा तर रोजचा कमी करायचा, दिवस गाळायचे नाहीत.

आणि तोही दर वेळी सारख्याच आकाराचा तुकडा पाडून नव्हे. सिटॅलोप्रॅमवर हे मोजून पाहिलेलं आहे: २० मिलिग्रॅम घेतलं की सिरोटोनिनच्या सुमारे ८० टक्के वाटा अडतात, पण त्या ५० टक्क्यांवर आणायला डोस ३-४ मिलिग्रॅमपर्यंत खाली यावा लागतो. खाडीत उतरताना बराच वेळ पाणी घोट्याएवढंच असतं आणि मग एका पावलात कंबरेला येतं, तसं हे आहे. २० वरून १० वर येताना कित्येकांना काहीच वाटत नाही, म्हणून ते खुशीत शेवटची पाच मिलिग्रॅमची गोळी एका दिवसात टाकतात आणि तिथे आपटतात. शेवटचे टप्पे लहान आणि जास्त दिवसांचे हवेत. घरच्या सुरीने मात्र सगळ्याच गोळ्या कापता येत नाहीत. नावापुढे एक्सआर, ईआर, सीआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) लिहिलेलं असेल किंवा ड्युलोक्सेटिनची कॅप्सूल असेल तर कापू नका, फोडू नका, आम्हाला विचारा.

पित्ताचं थोडक्यात उरकतो. चक्कर आणि मळमळ म्हटलं की आमच्याकडे पित्त, आणि पित्त म्हटलं की कोकमाचं सार. सार जरूर प्या, पण गोळी केव्हा थांबवली तेही सांगा. कौल लावायला देवळात जाणाऱ्यांनाही माझं म्हणणं तेवढंच आहे.

न ठरवता गोळी सुटणं हा तर आमचा सणाचा रोग आहे. चाकरमानी गणपतीला गावी येतो, गोळ्यांचा डबा दादरच्या घरात. तिसऱ्या दिवशी आरतीत गरगरतं, घरचे म्हणतात भजनाचं जागरण. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर दुकानात अर्ध्या तासात काम होतं. नसेल तर मला गोळी देता येत नाही, आणि त्यावर भांडूनही उपयोग नाही.

ठरवून सोडायची तर बरं वाटायला लागल्यावर निदान सहा महिने तरी गोळी चालू राहिलेली असावी, आजार पुन्हा पुन्हा आलेला असेल तर आणखी जास्त. मुहूर्त मात्र माझ्या पसंतीचा: एप्रिल-मे नको. आंब्याच्या हंगामात झोपेचं खोबरं झालेलं असतं, आणि चक्कर येत असताना कलमावर चढणारा माणूस मला बघायचा नाही. बागायतदारांना, माडावर चढणाऱ्यांना आणि होडीवर जाणाऱ्यांना मी हे दरवर्षी सांगतो. घाटातून मोटरसायकल चालवणाऱ्यांनाही. आषाढातही नको, रस्ता बंद पडला की डॉक्टर गाठता येत नाहीत. दिवाळीनंतरचे दिवस बरे. डोस बदलला ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहा, त्याच चौकोनात लक्षणंही लिहा. वर सांगितलेलं "कधी सुरू झालं" त्याशिवाय कुणालाच आठवत नाही. डोस उतरत असताना दारू बंद, झोपेची वेळ ठरलेली, आणि एखादा टप्पा जड गेला तर डॉक्टरांना विचारून मागच्या डोसवर थांबायचं. त्यात हरल्यासारखं काही नाही.

"मला व्यसन लागलं का?" असंही विचारतात. नाही. व्यसनात जीव गोळीकडे धावतो, डोस वाढवावासा वाटतो. इथे तसं काही होत नाही, फक्त शरीराला सवय झालेली असते.

पण चिठ्ठीवर दोन नावं आहेत का ते बघा. आपल्याकडे एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास मिळतात, आणि माणसाला वाटतं आपण एकच औषध घेतोय. क्लोनाझेपामचं खरंच व्यसन लागू शकतं. बरेच दिवस घेऊन ते एकदम थांबवलं तर झोप उडते, हात थरथरतात, आणि काहींना फिटही येते. वर सांगितलेलं कोणतंही वेळापत्रक या जोडगोळीला जसंच्या तसं लागू नाही. दोन्ही औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत करून घ्यावी लागतात आणि एकेक वेगळी उतरवावी लागते, तीही डॉक्टर सांगतील त्या क्रमाने. स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा नसेल तर दुकानात आणून द्या, मी वाचून सांगतो.