सिम बदलून लॉक उघडतो? अर्धंच खरं आहे

मिरकरवाड्याच्या जेटीपासून मालवणच्या बाजारापर्यंत एकच गजाल चालू, की चोराने आपलं सिम घातलं की कुठलाही अँड्रॉइड उघडतो, लॉक ठेवून उपयोग नाय. अरे बाबांनो, कुठलाही नाय!

मूळ प्रकार 2022 चा, गूगलच्या पिक्सेल फोनवरचा, डेव्हिड शुट्झ नावाच्या संशोधकाला सापडलेला. फोन चालू असताना पिन-लॉकवालं सिम घालायचं, सिमचा पिन तीनदा चुकवायचा, मग फोन आठ आकडी पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड, मागतो, तो सिमच्या कार्डावर छापलेला असतो आणि सिम चोराचंच म्हणजे कार्ड पण त्याच्याकडेच. पीयूके टाकून नवा पिन दिला की होमस्क्रीन समोर! झालं काय, तर पीयूकेची स्क्रीन काढायचा हुकूम सुटेपर्यंत पाठीमागे फिंगरप्रिंटची स्क्रीन वर आलेली, आणि हुकूम फक्त "समोरची काढ" एवढाच, म्हणून भलतीच गेली. रापणीत मासळीसोबत चप्पल यावी तसं.

पण फोन रीस्टार्ट करून एकदाही उघडला नसेल तर डेटा एन्क्रिप्टेडच, म्हणजे कुलूपबंदच राहतो, मग ही युक्ती चालत नाय, हे कोण सांगतच नाय. गूगलने नोव्हेंबर 2022 च्या अपडेटमध्ये भोक बुजवलं, शुट्झला 70,000 डॉलर दिले. आता हुकुमात कुठली स्क्रीन काढायची तेही सांगावं लागतं.

सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. 5 नोव्हेंबर 2022 किंवा नंतरची असेल तर ह्या भोकाची काळजी सोडा. मात्र 1234 पिनवाल्यांना चोराचं सिमसुद्धा लागायचं नाय.