काकांच्या पाच गोण्या

वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, लावणी उरकली की गोव्यातल्या आमच्या डिचोलीकडच्या शेतकरी सोसायटीत एकच प्रश्न ऐकू येतो, "युरिया आला?" पोटॅशची चौकशी क्वचितच. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, तर पोटॅशची ५० किलोची दीड हजाराच्या वर. शेजारच्या काकांना म्हटलं, माडांना पोटॅश घाला. ते हसले. "त्या पैशांत युरियाच्या पाच गोण्या येतात रे!"

काकांचा हिशेब चोख, पण माडाचा वेगळा. एका माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र (ते युरियातून मिळतं) आणि तब्बल १,२०० ग्रॅम पालाश (तो पोटॅशमधून) द्यावा, अशी शिफारस आहे. त्यात आपली जांभ्याची आम्ल जमीन. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाणी तिच्यातून जातं आणि पालाश सोबत नेतं. वरून कितीही नत्र ओता, पालाश कमी पडला की पीक तिथेच अडतं.

भाताचंही तसंच. चिखलात युरिया फेकला की मातीतलं युरिएझ हे विकर (एन्झाइम) त्याचा अमोनिया करतं. त्यातला बराचसा हवेत उडतो, काही पाण्याबरोबर खाली जातो. रोपाच्या वाट्याला जेमतेम तिसरा हिस्सा. तरी चार दिवसांत शेत हिरवंगार दिसतं, आणि गोची तिथेच होते. नत्र जास्त झालं की भात माजतं, करपा आणि तुडतुडे येतात, कापणीच्या तोंडावर पीक आडवं पडतं.

युरिया एवढा स्वस्त कसा? १९७७ पासून सरकार कारखान्याचा खर्च आणि विक्रीची किंमत यांतला फरक भरत आलं. १९९२ मध्ये स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशच्या खतांच्या किमती मोकळ्या केल्या, युरियाची मात्र सरकारच्याच हाती ठेवली. २०१० मध्ये अनुदान खतातल्या अन्नद्रव्यानुसार ठरू लागलं, तेव्हाही युरिया बाहेरच. २००३ मध्ये टनाला ४,८३० रुपये मूळ भाव होता, आज ५,३६०. वीस वर्षांत चहासुद्धा एवढा कमी महागला नसेल! युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. वायू भडकला की बोजा तिजोरीवर, म्हणून २०२२-२३ मध्ये खतांवर सुमारे अडीच लाख कोटी रुपये गेले.

इतर देशांनी काय केलं? आफ्रिकेतल्या मलावीने २००५ च्या दुष्काळानंतर स्वस्त खताची कूपनं काढली. लहान शेतकऱ्याला एक गोणी मिश्र खत, एक गोणी युरिया आणि मक्याचं बियाणं. जोडी बांधूनच दिली, ही मला त्यातली खरी अक्कल वाटते. पुढच्या दोन हंगामांत मका भरपूर आला, पण २००८ मध्ये जगभर खत महागलं तेव्हा योजनेचा खर्चही फुगला.

चीनने २००६ पासून खतासारख्या निविष्ठांसाठी रोख पैसे थेट शेतकऱ्याच्या हातात दिले, आणि २०१५ मध्ये खताचा वापर आणखी वाढू द्यायचा नाही असं ठरवलं. पुढे वापर खरोखरच उतरला. न्यूझीलंडने १९८४ मध्ये शेतीची अनुदानं जवळपास एका फटक्यात काढली. मेंढ्या तेव्हाच्या सुमारे सात कोटींवरून आता अडीच कोटींच्या आसपास आल्या, तरी शेती टिकली. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खताची आयातच बंद केली, भात-चहा कोसळले आणि काही महिन्यांत बंदी मागे घ्यावी लागली. अनुदान काढणं आणि खत काढून घेणं यांत केवढं अंतर आहे!

यंदा काकांनी माती तपासून मृदापत्रिका करून घेतली. पालाशच्या रकान्यात ठळक अक्षरांत 'कमी'. ती पत्रिका काउंटरवर ठेवून त्यांनी खतविक्रीच्या यंत्रावर अंगठा लावला. युरियाच्या दोन गोण्या.



"पोटॅश?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू."