दिवाणी आदेश, फौजदारी परिणाम : अमेरिकेतल्या संरक्षण आदेशाची पार्श्वभूमी

अमेरिकेत घरातली मारहाण पोलिसांपर्यंत गेली की एकाच घटनेतून बहुतेकदा दोन प्रकरणं उभी राहतात. एक फौजदारी खटला. तो सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. मार खाणारी व्यक्ती त्यात पक्षकार नसते, साक्षीदार असते. दुसरं प्रकरण संरक्षण आदेशाचं. तिथे अर्जदार ती स्वतः असते आणि मागणी शिक्षेची नसते, ‘याला माझ्यापासून लांब ठेवा’ एवढीच असते. खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. आदेशासाठी, घटना घडली नसण्यापेक्षा घडली असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दाखवलं की बहुतेक राज्यांत भागतं. आणि तरीही हा दिवाणी आदेश मोडला की अटक होऊ शकते, तुरुंगही होऊ शकतो. एक पाय दिवाणीत, एक फौजदारीत ही रचना मुद्दाम केलेली आहे. गेल्या 50 वर्षांतले या विषयातले बरेचसे कायदेशीर वाद त्या रचनेतूनच निघाले.

त्याआधीचा इतिहास सरळ रेषेत जात नाही. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने 1641 मध्येच आपल्या कायद्यात लिहून ठेवलं होतं की नवऱ्याने बायकोला मारहाण करू नये. अपवाद फक्त तिच्या हल्ल्यापासून स्वसंरक्षणाचा. पण अमेरिकन न्यायाधीश ज्याच्याकडे पाहून निकाल देत तो इंग्लिश विधिज्ञ ब्लॅकस्टोन. बायकोला ‘माफक शिक्षा’ करण्याचा नवऱ्याचा जुना अधिकार त्याने 1765 च्या ग्रंथात नोंदवला आणि त्याबद्दल आता शंका घेतली जाते असंही लिहिलं. न्यायालयांनी पुढे सोयीप्रमाणे कधी पहिलं वाक्य उचललं, कधी दुसरं. मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1824 मध्ये हा अधिकार मान्य केला. अलाबामा आणि मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयांनी 1871 मध्ये तो साफ नाकारला.

या दोहोंपेक्षा नॉर्थ कॅरोलिनाचे निकाल जास्त बोलके आहेत. 1868 मध्ये तिथल्या न्यायालयाने म्हटलं, बायकोला मारण्याचा हक्क आम्ही मानत नाही. पण किरकोळ प्रकरणात घराच्या कारभारात हातही घालणार नाही. नवरा सुटला. 1874 मध्ये त्याच न्यायालयाने मारण्याचा हक्क आणखी स्पष्ट शब्दांत फेटाळला, मात्र कायमची इजा झाली नसेल तर पडदा ओढून घ्यावा आणि नवरा-बायकोला विसरून, माफ करून पुढे जाऊ द्यावं, असा सल्ला जोडला. हक्क गेला, पडदा राहिला. पुढची शंभर वर्षं पोलीस आणि न्यायालयं कशी वागली ते यातून पुरेसं कळतं.

मधूनच टोकाची उदाहरणं दिसतात. मेरीलँडने 1882 मध्ये बायकोला मारणाऱ्याला फटक्यांची शिक्षा देणारा कायदा केला; डेलावेअर आणि ओरेगॉन नंतर त्याच वाटेने गेले. फटके प्रत्यक्षात फार थोड्यांना बसले. विसाव्या शतकात वारं उलट फिरलं. 1910 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की राजधानी वॉशिंग्टनमधली बायको मारहाणीबद्दल नवऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा करू शकत नाही. कौटुंबिक न्यायालयं निघाली, पण त्यांचा भर समेटावर होता. न्यूयॉर्कने 1962 मध्ये घरातल्या मारहाणीची बहुतेक प्रकरणं फौजदारी न्यायालयातून काढून कौटुंबिक न्यायालयाकडे दिली. हेतू चांगला असेल. निष्पत्ती अशी, की परक्याने मारलं तर गुन्हा आणि नवऱ्याने मारलं तर समुपदेशन.

आजच्या आदेशाचा खरा पूर्वज मात्र वेगळाच आहे. इंग्लिश परंपरेत एक जुनी सोय होती : ज्याच्याकडून इजेची भीती आहे त्याला दंडाधिकाऱ्यापुढे आणून शांततेची हमी मागायची. त्याने जामीनदारासह रक्कम बांधून द्यायची, शांतता मोडली तर ती जप्त. ही हमी बायको नवऱ्याविरुद्ध मागू शकते, असं ब्लॅकस्टोननेच लिहिलं आहे, आणि ती अमेरिकेतही मागितली जात होती. घडून गेलेल्या गुन्ह्याची शिक्षा नव्हे, पुढच्या इजेला अटकाव, हा विचार तेव्हापासून आहे.

1970 च्या दशकात अडचण काय होती? किरकोळ गुन्हा पोलिसाच्या डोळ्यांदेखत घडला नसेल तर वॉरंटशिवाय अटक करता येत नसे, आणि हाड मोडेपर्यंतची बरीचशी मारहाण ‘किरकोळ’ सदरात पडे. पोलिसांना प्रशिक्षणच मध्यस्थीचं मिळे : नवऱ्याला फिरून यायला सांगा, दोघांना शांत करा. दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम बऱ्याच राज्यांत घटस्फोटाचा अर्ज केला तरच मिळे. लग्न न झालेल्या बाईला तोही नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये आणि न्यूयॉर्क शहरात महिलांनी पोलिसांवरच दावे लावले, आणि दोन्ही ठिकाणच्या पोलिसांना कार्यपद्धती बदलण्याचं लेखी मान्य करावं लागलं.

याच सुमारास, 1976 मध्ये, पेनसिल्व्हेनियाने स्वतंत्र संरक्षण कायदा केला आणि पुढच्या कायद्यांचा साचा ठरला. घटस्फोटाची अट गेली. न्यायाधीश सामनेवाल्याला न ऐकता, फक्त अर्जदाराच्या शपथेवरच्या कथनावर, तात्पुरता आदेश काढू शकतो. काही दिवसांत दोन्ही बाजूंची सुनावणी घ्यायची. मारणाऱ्याला घराबाहेर काढता येतं, घर त्याच्या नावावर असलं तरी. मुलांचा तात्पुरता ताबा ठरवता येतो. 1980 चं दशक संपेपर्यंत प्रत्येक राज्यात असा कायदा झाला होता. तपशील मात्र आजही राज्याराज्यांत वेगळे आहेत. पेनसिल्व्हेनियात अंतिम आदेश जास्तीत जास्त तीन वर्षांचा, कॅलिफोर्नियात साधारण पाच वर्षांपर्यंतचा (पुढे वाढवता येतो), आणि न्यू जर्सीत त्याला मुदतच नाही. न्यायालयाने रद्द करेपर्यंत तो चालूच राहतो.

पहिला मोठा आक्षेप अर्थातच एकतर्फी आदेशावर आला. नोटीस न देता माणसाला त्याच्याच घरातून काढणं राज्यघटनेत बसतं का? मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये उत्तर दिलं : बसतं, कारण धोका तातडीचा आहे, आदेश न्यायाधीश देतो आणि सुनावणी लवकर होते. इतर राज्यांतही साधारण हाच सूर लागला. दुसरा आक्षेप पुराव्याच्या कमी पातळीवर. न्यू जर्सीतल्या एका न्यायाधीशाने 2008 मध्ये, इतके गंभीर परिणाम असताना ‘शक्यता जास्त’ एवढा पुरावा पुरेसा नाही, असं म्हणून राज्याचा कायदाच घटनाबाह्य ठरवला. वरच्या न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये त्या रद्द करण्यावर शिक्कामोर्तब केलं. कायदा टिकला. पण त्या न्यायाधीशाला पडलेला प्रश्न फालतू नव्हता, असं माझं मत आहे. 1976 मध्ये ‘काही काळ लांब राहा’ म्हणणाऱ्या आदेशाला पुढे मुदत नसणं, बंदूकबंदी आणि देशाबाहेर काढलं जाण्याची शक्यता चिकटत गेली. पुराव्याची पातळी मात्र तिथेच राहिली.

आदेश काढणं सोपं झालं, तो पाळायला लावायचा कोणी? ओरेगॉनने 1977 मध्येच आदेश मोडणाऱ्याला अटक करणं पोलिसांवर बंधनकारक केलं, आणि 1983 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अटक न करणाऱ्या पोलिसांवर भरपाईचा दावा चालू शकतो असं ठरवलं. कनेटिकटमधल्या टॉरिंग्टन शहरात ट्रेसी थर्मन या महिलेच्या तक्रारी पोलिसांनी महिनोन्‌महिने टोलवल्या. जून 1983 मध्ये वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याने तिला भोसकलं, आणि पोलीस आल्यानंतरही त्याने तिला लाथा मारल्या. तिने शहरावर दावा लावला. ज्युरीने 23 लाख डॉलर दिले. असा आकडा बसला की नगरपालिकांच्या विमा कंपन्या आणि वकील जागे होतात. अनेक पोलीस खात्यांची धोरणं झपाट्याने बदलली यात या आकड्याचा वाटा मोठा.

दुसरा धक्का संशोधनातून आला. मिनियापोलिसमध्ये 1981-82 मध्ये लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांनी अटक, समज देणं आणि काही तासांसाठी घराबाहेर पाठवणं यांची प्रत्यक्ष तुलना केली. पोलिसांच्या नोंदींनुसार अटक झालेल्यांपैकी सुमारे 10 टक्के पुन्हा हिंसक झाले. इतर दोन गटांत हे प्रमाण 19 आणि 24 टक्के होतं. 314 प्रकरणांच्या या एका प्रयोगावर अनेक राज्यांनी सक्तीच्या अटकेचे कायदे उभारले. नंतर ओमाहा, मिलवॉकी, शार्लट वगैरे शहरांत तोच प्रयोग झाला आणि निकाल एकसारखे आले नाहीत. मिलवॉकीत तर बेरोजगार पुरुषांमध्ये अटकेनंतर हिंसा वाढलेली दिसली. कायदे तोवर होऊन गेले होते.

आणि सक्ती लिहिलेली असली तरी ती खरंच सक्ती असते का? कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावात 22 जून 1999 च्या संध्याकाळी जेसिका गोन्झालेस यांच्या तीन मुलींना वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याने अंगणातून नेलं. त्याच्याविरुद्ध आदेश होता, आणि तो मोडल्यास अटक करावी असा मजकूर आदेशावरच छापलेला होता. आईने पोलिसांना आदेश दाखवला. पोलीस म्हणाले, दहापर्यंत थांबा. मग म्हणाले, बारापर्यंत थांबा. मध्यरात्रीनंतर ती स्वतः ठाण्यात गेली. तक्रार घेतलेला अधिकारी जेवायला निघून गेला. पहाटे 3:20 ला नवरा ठाण्यासमोर आला, गोळीबार करत मारला गेला, आणि त्याच्या गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह सापडले. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा घटनात्मक हक्क तिला नव्हता. कायद्यात ‘अटक करावी’ असं लिहिलं असलं तरी पोलिसांची विवेकबुद्धी शिल्लक राहते. आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने 2011 मध्ये अमेरिकेने तिच्या मानवाधिकारांचं उल्लंघन केल्याचा निष्कर्ष काढला. देशातला कायदा त्याने बदलला नाही.

फौजदारी बाजूला तोवर वेगळीच गुंतागुंत तयार झाली होती. ‘बायकोने तक्रार मागे घेतली तर केस संपते ना?’ हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. नाही. केस सरकारची आहे, आणि 1980 च्या दशकापासून अनेक सरकारी वकिलांनी पीडितेने नको म्हटलं तरी खटला चालवण्याचं धोरण घेतलं. जामिनाच्या अटीत संपर्कबंदी असेल तर ‘तिनेच घरी बोलावलं’ हा बचाव चालत नाही. बंधन त्याच्यावर असतं आणि ते फक्त न्यायालय उठवू शकतं. ती साक्षीला आलीच नाही तर काय, हा खरा पेच. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलटतपासणीचा हक्क कडक केल्यावर अशा खटल्यांची पंचाईत झाली. 2006 मध्ये मध्यममार्ग निघाला : चालू संकटात 911 या आणीबाणीच्या क्रमांकावर मदत मागताना बोललेलं पुराव्यात येऊ शकतं, संकट टळल्यावर पोलिसाला दिलेली जबानी, साक्षीदार आला नाही तर, येऊ शकत नाही.

एकाच घटनेवरून आदेश मोडल्याचा अवमान आणि मारहाणीचा गुन्हा, अशा दोन शिक्षा होऊ शकतात का, हाही प्रश्न 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. उत्तर अर्धं हो, अर्धं नाही असं आलं : साध्या मारहाणीचा आरोप अवमानाच्या निकालात सामावला होता म्हणून पुन्हा चालला नाही, खुनाच्या इराद्याने हल्ल्याचा चालला.

संघराज्याचा कायदा 1994 मध्ये आला. एका राज्याचा आदेश दुसऱ्या राज्याने मानलाच पाहिजे हे ठरलं, आणि असा आदेश लागू असलेल्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई झाली. मात्र त्यासाठी त्याला नोटीस आणि बाजू मांडायची संधी मिळालेली असली पाहिजे. त्यामुळे निव्वळ एकतर्फी आदेशाने ही बंदी लागत नाही. 1996 मध्ये किरकोळ कौटुंबिक मारहाणीच्या दोषसिद्धीनंतरही बंदूकबंदी लागू झाली. झॅकी रहीमी या टेक्सासमधल्या तरुणाच्या प्रकरणात 2023 मध्ये अपील न्यायालयाने आदेशावर आधारलेली बंदी घटनाबाह्य ठरवली, कारण राज्यघटना लिहिली तेव्हाच्या काळात असा कायदा सापडत नाही. जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ती वाचवली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी आधार घेतला तो त्याच जुन्या शांततेच्या हमीचा. रहीमीवरचा मूळ आदेश त्याच्या संमतीने निघाला होता, ही बाब लक्षात घेण्यासारखी : ‘काही कबूल न करता आदेशाला हो म्हणा आणि मोकळे व्हा’ हा तडजोडीचा सल्ला दिसतो तितका स्वस्त नसतो.

नागरिकत्व नसलेल्यांसाठी तर तो फारच महाग पडू शकतो. 1996 च्या दुरुस्तीनुसार कौटुंबिक हिंसेची दोषसिद्धी हे देशाबाहेर काढण्याचं कारण आहे. ग्रीन कार्डही त्यापासून वाचवत नाही. संरक्षण आदेशाचा हिंसेपासून बचाव करणारा भाग मोडल्याचं न्यायालयाने ठरवलं तर दोषसिद्धीचीही गरज नाही. ते न्यायालय दिवाणी असलं तरी चालतं. पीडितेच्या बाजूने 1994 च्या कायद्याने नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला ग्रीन कार्डसाठीचा स्वतःचा अर्ज स्वतः करण्याची वाट दिली, पण नवरा तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असेल तर ती वाट बंद. तिच्यासाठी 2000 मध्ये कायद्यात आलेला, वर्षाला 10,000 ची मर्यादा असलेला यू व्हिसा (गुन्ह्याच्या पीडितांसाठीचा) उरतो आणि त्याची रांग वर्षानुवर्षांची आहे. आरोपीच्या बाजूने, गुन्हा कबूल केल्यास देशाबाहेर जावं लागेल का हे बचावाच्या वकिलाने सांगितलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ठरवलं. ते बंधन फौजदारी खटल्यातलं. संरक्षण आदेशाच्या सुनावणीत सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क बहुतेक राज्यांत नाही, त्यामुळे हा सल्ला तिथे कोणी देईलच असं नाही.