मनगटी घड्याळाची गरज कशी निर्माण झाली

स्मार्टफोन आल्यावर मनगटी घड्याळाचे काय काम, असा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या तरुणांच्या बोलण्यात आता सहज येतो. त्याचा निवाडा करण्यापूर्वी घड्याळ मनगटावर आले कशासाठी, हे पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात पुरुषांचे घड्याळ खिशातच असे आणि मनगटावरचे घड्याळ हा स्त्रियांचा दागिना समजला जाई.

हा समज मोडला तो रणांगणावर. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात काही ब्रिटिश अधिकाऱ्यांनी खिशातले घड्याळ चामडी पट्ट्यात बसवून मनगटावर बांधले. पुढे पहिल्या महायुद्धात तोफांचा मारा आणि पायदळाची आगेकूच ठरल्या मिनिटाला जुळवणे भाग पडले, तेव्हा ही सोय सर्वत्र रूढ झाली. दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला खिशातून घड्याळ काढता येत नाही, एवढेच त्यामागचे कारण होते. त्याच युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या आणि १९२२पासून मराठा रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र बेळगावात आहे. त्यामुळे हा इतिहास आपल्या भागाला परका नाही.

सामान्य घरांत घड्याळ पोहोचण्यास मात्र बराच काळ गेला. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात घातले गेले, जो निर्णय सीमाभागातील मराठी माणसाला आजही सलतो. त्या राज्याच्या राजधानीत, बंगळुरूत, १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटी या सरकारी कंपनीची घड्याळे तयार होऊ लागली. रोज किल्ली द्यावी लागणारे हे घड्याळ लग्नात जावयाला दिले जाई, नोकरी लागलेला मुलगा पहिल्या पगारातून ते घेई.

एचएमटी मोबाइलने संपवली, ही समजूत अपुरी आहे. १९६९मध्ये सेको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले. सेलवर चालणारे आणि वेळ अधिक अचूक दाखवणारे हे तंत्र १९८४ साली स्थापन झालेल्या टायटनने भारतात लोकप्रिय केले, आणि मोबाइल सर्वसामान्यांच्या हाती येण्याआधीच किल्लीच्या घड्याळांची पीछेहाट सुरू झाली होती. एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६मध्ये घेतला.

स्मार्टफोनने वेळ पुन्हा खिशात नेली आहे, आणि जिथे खिशात हात घालता येतो तिथे तो पुरेसा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत साच्यात धातूचा रस ओतणाऱ्या कामगाराची, दुचाकीवरून खानापूरला निघालेल्या नोकरदाराची किंवा कवायतीच्या मैदानावरील जवानाची अडचण शंभर वर्षांपूर्वीच्या सैनिकासारखीच आहे. शिवाय फोनवर वेळ पाहताना आलेले निरोप दिसतात आणि लक्ष तिकडे वळते. साध्या काट्यांच्या घड्याळात तो धोका नाही, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांनी ते वापरण्यास एवढे कारणही पुरेसे आहे.