वाकडा पाय ग्रहणामुळे नव्हे

सोलापुरात पूर्व भागात एखादं बाळ पावलं आत वळलेली घेऊन जन्मलं, की पहिला प्रश्न आईलाच येतो, ‘ग्रहण पाळलं नव्हतंस का?’ विळीवर भाजी चिरली असेल, विडीची पानं कातरली असतील. ओली बाळंतीण हे ऐकून रडत बसते, याचा मला फार राग येतो.

ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. ग्रहणं वर्षातून मोजकी. असं पाऊल मात्र साधारण हजारात एका बाळाचं असतं, बारा महिने, जगभर. मुलांमध्ये ते मुलींच्या दुप्पट आढळतं. बहुतेकदा नेमकं कारण सापडत नाही, काही घरांत आनुवंशिकता दिसते.

‘मालिश करा, चालायला लागलं की सरळ होईल’ हा सल्ला तर जास्त घातक, कारण त्यात सोन्यासारखे दिवस जातात. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांच्या पद्धतीत पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू करतात. दर आठवड्याला पाऊल हळूहळू वळवून नवं प्लास्टर, असे साधारण पाच-सहा. मग बहुतेक बाळांच्या टाचेमागच्या कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) छोटासा छेद आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. त्यानंतर दांडीचे बूट, म्हणजे आडव्या दांडीने एकमेकांना जोडलेले बूट: तीन महिने दिवसाचे 23 तास, पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत. पाय सरळ दिसला म्हणून घरचे बूट सोडतात आणि पाऊल पुन्हा वळतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष येतो, उपचार मोफत आहेत. आशाताईंना आजच विचारा.