सोलापूरच्या उन्हावर सोपवलेलं पाणी : कारखान्यांच्या सांडपाणी तळ्यांची पार्श्वभूमी

ज्यानं शेततळं केलंय, त्याला तळ्यात अंथरायच्या प्लॅस्टिकच्या कागदाची किंमत सांगावी लागत नाही. सांगोला-पंढरपूरकडचे डाळिंब-द्राक्षवाले शेतकरी ५०० मायक्रॉनचा कागद अंथरतात, जोडावरून हात फिरवून बघतात, टोकदार खडा राहिला असेल तर वेचून काढतात. खाली मुरूम आणि मुरमाखाली भेगाळलेला काळा दगड, त्यामुळं आपल्याकडं कागदाशिवाय तळ्यात पाणी ठरत नाही. याच जमिनीत कारखान्यांचं सांडपाणी साठवायलाही तळी खणली गेली. देशभर सुरुवातीच्या काळातली अशी तळी बहुतेक कच्चीच असायची. खड्डा काढला, बांध घातला, पाइप सोडला की काम झालं.

आता अशी तळी, विशेषतः घातक रासायनिक कचऱ्याची, टप्प्याटप्प्यानं बंद करण्याची भाषा होते आणि काही प्रमाणात तसं घडतंही आहे. पण ती मुळात का आली आणि मोडीत काढायला एवढी वर्षं का लागली, हे समजून घेतल्याशिवाय ‘तळं बंद केलं’ या वाक्याचा अर्थ कळत नाही.

तळ्यामागचा विचार दिसायला सोपा होता. सोलापूर अवर्षणप्रवण जिल्हा. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. उथळ तळं करून पाणी पसरवलं की ऊन ते फुकटात आटवतं. ना वीज लागते, ना रसायन. पण उन्हानं फक्त पाणी उडतं. मीठ, रंग, जड धातू, न कुजणारी रसायनं सगळी खाली राहतात, दर वर्षी अधिक घट्ट होत जातात. पाणी आटणं म्हणजे विल्हेवाट लागणं, असा समज या तळ्यांनी पक्का केला आणि तोच सगळ्यात महागात पडला.

काळी माती पाणी धरते, असंही म्हटलं जायचं. ओली असते तोवर धरतेच. पण तळं आटलं की त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पुढचं पाणी सोडलं की माती फुगून भेगा मिटेपर्यंत ते कुठं जायचं तिथं गेलेलं असतं.

सोलापुरात सांडपाण्याचा प्रश्न रंगापासून सुरू होतो. १८७७ साली इथं पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिला आजही ‘जुनी मिल’च म्हणतात. पुढं हातमाग, मग यंत्रमाग, चादर आणि टॉवेल. सूत रंगवणाऱ्या डाय हाऊसच्या हौदातून निघणारं पाणी खारट, गरम आणि रंगीत. नंतर चिंचोळी एमआयडीसीत रसायनं आणि औषधांचे घटक बनवणारे कारखाने आले. आणि जिल्हाभर साखर कारखाने, त्यांना जोडून डिस्टिलऱ्या.

डिस्टिलरीचा हिशेब बघितला की तळी एवढी मोठी का झाली ते कळतं. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे उरलेलं गडद सांडपाणी, निघतो. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असतो, कच्च्या स्पेंटवॉशचा ४० हजारांच्या पुढं. एवढं पाणी नदीत सोडता येत नाही आणि तेव्हाच्या तंत्रानं शुद्धही होत नाही. मग ते लगूनमध्ये, म्हणजे अशाच मोठ्या उघड्या तळ्यात, साठवत राहायचं. कायद्याच्या व्याख्येत स्पेंटवॉश ‘घातक कचरा’ नाही, हे इथंच स्पष्ट करतो. पण तळ्यांचा धडा सोलापूरला सगळ्यात जवळून त्यानंच दिला.

या तळ्यांचं पुढं काय होतं, ते जगाला आधी अमेरिकेत दिसलं. कॅलिफोर्नियातल्या ग्लेन एव्हन गावाच्या वर, एका दगडी घळीत, १९५६ ते १९७२ या काळात ‘स्ट्रिंगफेलो’ नावाच्या जागेवर उघड्या तळ्यांत सुमारे १३ कोटी लिटर औद्योगिक द्रव कचरा ओतला गेला. खाली अखंड खडक आहे, काही झिरपणार नाही, असं आधी सांगितलं होतं. खडकाला भेगा निघाल्या. १९७८ साली मोठा पाऊस झाला, बांध फुटेल या भीतीनं लाखो लिटर दूषित पाणी मुद्दाम ओढ्यात सोडावं लागलं आणि त्या फेसात गावातली मुलं खेळली. अखंड खडकाचं हे आश्वासन वाचताना आपला बेसॉल्ट, म्हणजे तोच भेगाळलेला काळा दगड, डोळ्यापुढं येतो. पावसाचंही तेच. सोलापूर कोरडं खरं, पण ऑक्टोबर २०२० मध्ये याच कोरड्या जिल्ह्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि भीमेला पूर आला. उघड्या तळ्याचा बांध किती उंच हवा, हे सरासरी बघून ठरवता येत नाही.

१९८४ साली कॅलिफोर्नियानं अशा विषारी तळ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळची तळी बंद करा, बाकीच्यांची तपासणी करा. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातही दुरुस्ती झाली. घातक द्रव कचऱ्याच्या तळ्याला दुहेरी अस्तर हवं, दोन अस्तरांमध्ये गळती पकडणारी यंत्रणा हवी, आणि जुन्या तळ्यांना हे करायला चार वर्षं. नाही जमलं तर बंद. पुष्कळ कारखान्यांना दुहेरी अस्तरापेक्षा तळं मोडणंच परवडलं. या कायद्याची शाई वाळते न वाळते तोच, महिनाभरात, भोपाळची ती रात्र आली.

भोपाळ म्हटलं की वायू आठवतो. तिथं तळीही होती, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. युनियन कार्बाइडनं १९७७ साली कारखान्याच्या उत्तरेला सुमारे १४ हेक्टरवर सौर बाष्पीभवनाची तीन तळी बांधली. प्लॅस्टिकचं अस्तर होतं. तरीही १९८२ मध्येच ती गळत असल्याचं कंपनीच्या अंतर्गत संदेशांत नोंदलं गेलं होतं. कारखाना बंद झाला, तळी राहिली. पुढं गाळ गोळा करून वर माती ओढली. आसपासच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली द्यावा लागला.

राजस्थानात उदयपूरजवळचं बिछडी गाव हे दुसरं उदाहरण. तिथं एच-अ‍ॅसिड बनत होतं. सुती कापडाच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांना, काळ्या-निळ्यांना, लागणारा हा घटक. म्हणजे आपल्या डाय हाऊसच्या डब्यातला रंग जिथून सुरू होतो ते टोक. गाळ उघड्यावर पडला आणि विहिरींचं पाणी काळपट तपकिरी झालं. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘प्रदूषण करणाऱ्यानंच भरपाई आणि सफाईचा खर्च द्यावा’ हे तत्त्व इथं लागू केलं.

मग आपल्याकडं कायदा नव्हता का? होता, आणि लवकर होता. महाराष्ट्रानं जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला, केंद्राचा १९७४ मध्ये आला. घातक कचऱ्याचे नियम १९८९ चे, २०१६ मध्ये नव्यानं लिहिलेले. अडचण सांध्यावर आहे. तळ्यातलं पाणी जलप्रदूषण कायद्यात बसतं, त्यामुळं घातक कचऱ्याच्या नियमांतून ते वगळलं आहे. तळाला बसलेला रासायनिक गाळ मात्र त्याच नियमांच्या अनुसूचीत येतो. ९० दिवसांपेक्षा जास्त तो साठवायचा नाही, पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या सामायिक विल्हेवाट केंद्रात पाठवायचा. गाळ जोपर्यंत पाण्याखाली आहे तोपर्यंत त्याला गाळ म्हणायचं की पाणी? माझ्या मते तळी एवढी वर्षं तगली ती या एका प्रश्नाच्या आडोशाला.

डिस्टिलऱ्यांसाठी वळण आलं मार्च २००३ मध्ये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘क्रेप’ सनदेत, म्हणजे उद्योगांच्या पर्यावरण जबाबदारीच्या सनदेत, २००५ अखेर नदीनाल्यात एक थेंबही न सोडण्याचं उद्दिष्ट ठरलं आणि लगूनमधली साठवण दिवसांच्या हिशेबात आली. सुरुवातीला स्पेंटवॉश प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या चोथ्यावर, शिंपडून कंपोस्ट केलं गेलं. पावसाळ्यात ते जमत नाही, ढीग भिजले की ओघळ शेतात जातो. आता बाष्पकांच्या साखळीत तो आटवून घट्ट करतात आणि खास बॉयलरमध्ये जाळतात. राखेतलं पोटॅश खत म्हणून विकलं जातं. रसायन आणि औषध कारखान्यांतही तोच मार्ग आहे, बंद भांड्यात आटवा आणि उरलेलं मीठ मोजून पाठवा. उन्हाचं काम वाफेनं करायचं म्हणजे खर्च दिसतो, आणि खर्च दिसला की पाणी कमी वापरलं जातं.

गेल्या मे महिन्यात जिल्ह्यातल्या एका बंद लगूनच्या बांधावर उभा होतो. वरची साय पापडासारखी वाळून कडेनं वळली होती. काठीनं उचलली तर खाली काळा, ओला, गुळासारखा चिकट थर, आणि जळक्या साखरेचा वास. अर्ध्या भागावर मुरूम पसरून झाला होता. शेजारच्या वस्तीवरच्या आजी म्हणाल्या, “तळं बुजवलं म्हनत्यात, पर आमच्या हिरीला अजून चहाचाच रंग हाय. जनावर बी तोंड लावंना.” त्यांच्या विहिरीत पोहरा सोडून बघितला. खरंच चहा.

जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. संशयित जागांची सहामाही यादी करायची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर आली आहे. त्या यादीत चालू कारखानेच नव्हेत, तर बुजवलेली तळीही यायला हवीत. तळाचा गाळ निघाला का, निघाला तर कुठं गेला, खालच्या विहिरींचं पाणी कधी तपासलं, हे गट नंबरासकट लिहून. बुजवलेलं तळं नकाशात दिसत नाही. पण ते बुजवणारा पोकलेनवाला आणि शेजारच्या वस्तीवरच्या आजी अजून इथंच आहेत, विचारलं तर जागा दाखवतील.