मोठ्या फाइलींची चाचणी

दोन गीगाबाइटांपेक्षा मोठी फाइल एखादी संगणकभाषा नीट उघडते का, तिच्यातल्या हव्या त्या जागी जाऊन वाचू-लिहू शकते का आणि तिचा आकार बरोबर सांगते का, हे पडताळणारी चाचणी. भाषेची नवी आवृत्ती बांधल्यावर जो चाचण्यांचा संच चालवतात, त्यात ती असते. पर्ल आणि पायथन या भाषांच्या अशा चाचण्या कोणालाही उघडून वाचता येतात; या नोंदीत मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

फाइलीत आपण कितव्या बाइटावर आहोत, हे सांगणाऱ्या आकड्याला ऑफसेट म्हणतात. फाइलीच्या शेवटापासून मागे सरकायचे तर हाच आकडा ऋण द्यावा लागतो, म्हणून त्याला चिन्हही लागते. ३२ बिटांच्या युनिक्स प्रणालींत त्यातला एक बिट चिन्हासाठी गेला की उरलेल्या ३१ बिटांत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढीच संख्या मावते. डिस्कवर कितीही जागा मोकळी असली तरी त्यापुढच्या बाइटाचा पत्ताच लिहिता येत नाही. डिस्का मोठ्या होऊ लागल्या तसे हे कुंपण जाचू लागले. १९९६ च्या सुमारास युनिक्स प्रणाली बनवणाऱ्या कंपन्यांनी लार्ज फाइल समिट या नावाने एकत्र येऊन ६४ बिटांच्या ऑफसेटचा मार्ग ठरवला. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून नवी सोय मागून घ्यावी लागेल असे ठेवले. न मागता कोणी मोठी फाइल उघडू पाहिली, तर चुकीचा आकार सांगण्यापेक्षा स्पष्ट नकार मिळतो. हा निर्णय शहाणपणाचा होता.

पर्ल आणि प्रचलित पायथन यांचे इंटरप्रिटर, म्हणजे त्या भाषांतले प्रोग्रॅम वाचून चालवणारे प्रोग्रॅम, सी भाषेत लिहिलेले आहेत. त्यामुळे ही सोय इंटरप्रिटर बांधतानाच मागावी लागते. पर्लमध्ये ती २००० साली आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून, प्रणालीला शक्य असेल तिथे, आपोआप चालू झाली. पण मागितली म्हणजे मिळाली असे होत नाही. वापरणाऱ्याचा आकडा इंटरप्रिटरमधून सीच्या लायब्ररीत, तिथून प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आणि शेवटी डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या फाइलप्रणालीत पोचतो. या वाटेवर कुठेही एखादे ३२ बिटांचे चल, म्हणजे आकडा ठेवण्याची जागा, राहून गेले, तर आकड्याचा वरचा भाग गळून पडतो. वाईट म्हणजे कधीकधी काहीच ओरडा होत नाही. मजकूर लिहिला जातो, पण भलत्याच जागी, तिथे आधी असलेल्या मजकुरावर.

पर्लची चाचणी नेमकी हीच शंका धरून लिहिली आहे. ती प्रथम दोन लहान फाइली बनवते. एकीत १० लाखाव्या बाइटावर आणि दुसरीत २० लाखाव्या बाइटावर उडी मारून तीनच अक्षरे लिहिते. मग दोन्हींचे आकार आणि डिस्कवर व्यापलेले ठोकळे मोजते. आकार १०,००,००३ आणि २०,००,००३ भरले आणि ठोकळे मात्र सारखेच निघाले, तर ही फाइलप्रणाली पोकळ फाइली ठेवू शकते हे सिद्ध होते. पोकळ फाइलीत न लिहिलेल्या भागाला डिस्कवर जागा दिली जात नाही. तो वाचला तर शून्ये मिळतात. तशी सोय नसेल तर चाचणी तिथेच थांबते. कोणाच्या यंत्राची डिस्क चाचणीसाठी भरून टाकायची नाही, ही काळजी त्यामागे आहे.

त्यानंतर खरी उडी ५,००,००,००,००० व्या बाइटावर. तिथे तीन अक्षरे लिहायची, फाइलीचा आकार ५,००,००,००,००३ आहे ना ते पाहायचे, मागे-पुढे सरकून ती अक्षरे परत वाचायची. एवढ्यावर समाधान मानले असते तर चाचणी अपुरी राहिली असती. वाचताना आणि लिहिताना तोच गळका आकडा वापरला गेला, तर दोन्ही वेळा एकाच चुकीच्या जागी जाऊन अक्षरे जुळतील! म्हणून चाचणी आणखी एक जागा तपासते: ७०,५०,३२,७०४. पाच अब्जांतून २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६, वजा केला की हाच आकडा उरतो. ऑफसेट ३२ बिटांत गुंडाळला गेला असता तर अक्षरे इथे पडली असती. ती इथे नाहीत, हे पाहणे या चाचणीतला सर्वांत मोलाचा भाग आहे. बरोबर जागी वस्तू आहे हे पाहणारे पुष्कळ असतात. चूक झाली तर ती कुठे जाऊन पडेल याचा हिशेब आधी मांडणारे थोडे.

पायथनची चाचणी २,५०,००,००,००० हा आकडा घेते. तो चिन्हासहित ३२ बिटांची मर्यादा ओलांडतो, पण चिन्ह नसलेल्या ३२ बिटांत मावतो. त्यामुळे या एका बाबतीत पर्लचा आकडा अधिक कसून पारख करतो. पायथनची व्याप्ती मात्र मोठी आहे. फाइल कापून लहान करणे, शेवटापासून मागे सरकणे, ऑफसेट बदलण्यासाठी थेट कर्नलला दिलेली हाक, हे सगळे ती तपासते. शिवाय फाइल-हाताळणीचा सीमधला आणि खुद्द पायथनमधला, असे दोन्ही अवतार तिच्यातून जातात.

विंडोज आणि मॅकवर पायथनची हीच चाचणी अडीच अब्ज बाइट खरोखर लिहायला लावू शकते. विंडोजच्या एनटीएफएस या फाइलप्रणालीवर पोकळ फाइल हवी तर तशी खूण मुद्दाम करावी लागते, आणि मॅकच्या जुन्या एचएफएस प्लसमध्ये ती सोय नव्हतीच. म्हणून या दोन प्रणालींवर परवानगी दिल्याशिवाय ती चालत नाही. दुर्दैवाने तिची गरज विंडोजवर विशेष आहे, कारण ६४ बिटांच्या विंडोजमध्येही सीचा लाँग हा पूर्णांकांचा प्रकार ३२ बिटांचाच राहिला आहे.

चाचणी नापास झाली की दोष भाषेचाच असे मात्र नाही. फॅट३२ या फाइलप्रणालीवर ४ गीगाबाइटांची फाइल मुळातच मावत नाही. तिथली कमाल एक बाइटाने कमी आहे. प्रशासकाने वापरणाऱ्याला जागेचा कोटा किंवा फाइलीच्या आकाराची मर्यादा घालून दिलेली असू शकते. ती मर्यादा ओलांडल्यास युनिक्स प्रोग्रॅमला जो संकेत धाडते, त्याने प्रोग्रॅम एरवी बंद पडतो. पर्लची चाचणी अशा वेळी ही कारणे शब्दांत छापून दाखवते, आणि हे सौजन्य प्रत्येक चाचणीत असायला हवे.

पोकळ फाइलीने पत्ता तपासला जातो, वाहतूक नाही. लिनक्सवर एका वेळच्या वाचनात किंवा लेखनात जास्तीत जास्त २,१४,७४,७९,५५२ बाइट जातात. त्याहून जास्त मागितले तरी तेवढेच मिळतात, आणि उरलेले पुन्हा मागणे हे भाषेचे काम. जावामध्ये ऑफसेट ६४ बिटांचा असला तरी ॲरेतल्या, म्हणजे ओळीने मांडलेल्या घरांच्या यादीतल्या, घराचा क्रमांक ३२ बिटांचा असतो, त्यामुळे मोठी फाइल एकाच ॲरेत घेता येत नाही. या गोष्टींसाठी खरा मजकूर भरलेल्या, वेळखाऊ चाचण्या वेगळ्या लिहाव्या लागतात.

३२ बिटांच्या लिनक्सवर जीलिबसी ही लायब्ररी बहुतेक ठिकाणी आजही मुळात ३२ बिटांचाच ऑफसेट देते. १९ जानेवारी २०३८ नंतरची वेळ मोजण्यासाठी तिने २०२१ साली ६४ बिटांच्या वेळेची सोय केली, पण ६४ बिटांचा ऑफसेट मागितल्याशिवाय ती वेळ मागताच येत नाही.